हुकमाचे ताबेदार

२००२ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स : अटॅक ऑफ द क्लोन्स’ या चित्रपटात ओबी-वान केनोबी हा जेडाय योद्धा कमिनो नावाच्या ग्रहावर जाऊन पोचतो. बाहेर समुद्र खवळलेला, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आणि आत पांढऱ्याशुभ्र इमारतीत, काचेपलीकडे, मुलंच मुलं. सगळ्यांचा तोंडवळा एक, कारण सगळी जँगो फेट या एकाच माणसाच्या पेशींपासून तयार केलेली, म्हणजे क्लोन. त्यांची वाढ दुप्पट वेगाने होईल अशी तजवीज आहे, म्हणजे दहा वर्षांत विशीतला जवान हाती येतो. कमिनोचा प्रमुख व्यापारी थाटात हिशेब सांगतो : दोन लाख नग तयार, आणखी दहा लाख वाटेवर. ओबी-वान सभ्यपणे ऐकून घेतो. चित्रपट संपायच्या आत हीच फौज घेऊन जेडाय रणात उतरलेले असतात. न्यायाचे रखवालदार म्हणवणाऱ्यांना हे विकत घेतलेलं, जन्मतःच जुंपलेलं सैन्य चालतं कसं, हा प्रश्न पडद्यावर कुणाला पडत नाही.

तो पडला पुस्तकांना. आणि तीही अशा जातीच्या पुस्तकांना, ज्यांच्याकडे समीक्षक सहसा ढुंकून पाहत नाहीत.

चित्रपट, दूरदर्शन मालिका किंवा व्हिडिओ गेम यांच्या जगात घडणाऱ्या, मालक कंपनीच्या परवान्याने लिहिलेल्या कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘टाय-इन’ म्हणतात. पात्रं कंपनीची, जग कंपनीचं, लिहिलेल्या मजकुराचा हक्कही बहुधा कंपनीचाच. आराखडा मंजूर करून घ्यायचा, मसुदा मंजूर करून घ्यायचा. १९७६ मध्ये पहिल्या ‘स्टार वॉर्स’चं कादंबरीरूप बाजारात आलं तेव्हा त्यावर नाव जॉर्ज लुकस यांचं होतं, प्रत्यक्षात ते लिहिलं होतं अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. अशा व्यवहारातून साहित्य निपजेल अशी अपेक्षा कुणी का करावी? बरीचशी पुस्तकं ती अपेक्षा खोटी ठरवायच्या भानगडीत पडतही नाहीत.

पण या बंधनांचा एक गमतीदार परिणाम होतो. युद्ध कोण जिंकणार हे ठरलेलं असतं. नायकाला मारायची सोय नसते. १९९९ मध्ये ‘व्हेक्टर प्राइम’ या ‘स्टार वॉर्स’ कादंबरीत च्युबाका हे लाडकं पात्र मेलं तर वाचकांनी आकाशपाताळ एक केलं होतं. मग लेखकाच्या हातात उरतं काय? मराठी वाचकाला हे कोडं नवं नाही. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार हे ठाऊक असूनच ‘मृत्युंजय’ हातात घेतलं जातं, आणि ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे एकही नवी घटना न रचता भीष्मापासून कृष्णापर्यंत सगळ्यांना जाब विचारतात. गोष्ट कुठे जाणार हे पक्कं असलं की लेखकाचं लक्ष आपोआप हिशेबाकडे वळतं. हे कुणामुळे झालं? कुणाला थांबवता आलं असतं? फायदा कुणाचा झाला? टाय-इन कादंबरीत नैतिक गुंतागुंत येते ती बहुधा याच वाटेने, आणि ती मुख्य नायकांपेक्षा मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांच्या वाट्याला जास्त येते.

टिमथी झान यांनी १९९१ ते १९९३ या काळात लिहिलेल्या तीन कादंबऱ्यांपासून ‘स्टार वॉर्स’ पुस्तकांचा नवा जमाना सुरू झाला. त्यांतला साम्राज्याचा नीलवर्णी सेनापती थ्रॉन सर्वांच्या लक्षात राहिला. नोगरी मात्र फार थोड्यांना आठवतात. होनोगर या ग्रहावरची ही जमात. अंतराळातल्या एका जुन्या लढाईमुळे त्यांची जमीन विषारी झाली. साम्राज्याचा सरदार डार्थ वेडर मदत घेऊन आला, आणि त्या उपकाराच्या फेडीसाठी नोगरींनी आपली तरुण मुलं साम्राज्याला मारेकरी म्हणून द्यायला सुरुवात केली. जमीन शुद्ध करायला साम्राज्याचे यंत्रमानव वर्षानुवर्षं राबताना दिसत. प्रत्यक्षात ती नापीकच राहील याची चोख व्यवस्था केलेली होती. कर्ज फिटू द्यायचंच नाही, ही सावकारी जगात सगळीकडे सारखीच. यातला खरा पेच मात्र साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या लियाचा आहे. नोगरी तिला मान देतात ते ती वेडरची मुलगी म्हणून. ज्या बापाचं नाव तिला नकोसं आहे त्याच नावाच्या पुण्याईवर उभं राहून तिला सांगायचं असतं की तुमच्या उद्धारकर्त्याने तुम्हाला फसवलं. तिसऱ्या कादंबरीत थ्रॉनच्या छातीत सुरा खुपसतो तो त्याचा अंगरक्षक रुख, तो नोगरीच.

झान यांनी ही बाजू उपकथानकात ठेवली. कॅरन ट्रॅव्हिस यांनी ती मधोमध आणून बसवली.

ट्रॅव्हिसबाई ब्रिटिश. कादंबरीकडे वळण्याआधी पत्रकार, त्यातही काही काळ संरक्षण बातमीदार. लुकसआर्ट्स कंपनी २००५ मध्ये ‘रिपब्लिक कमांडो’ नावाचा व्हिडिओ गेम आणणार होती. त्याच्या जोडीला कादंबरी हवी म्हणून काम त्यांच्याकडे आलं. ‘हार्ड कॉन्टॅक्ट’ २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. गेमची जाहिरात व्हावी एवढाच प्रकाशकाचा हेतू असणार. पण बाईंनी गेममधली तुकडी बाजूला ठेवून स्वतःची निर्माण केली : नायनर, डार्मन, फाय आणि अटिन. चौघेही वेगवेगळ्या तुकड्यांतून एकटे वाचलेले. आपापले भाऊ पहिल्याच लढाईत गमावून बसलेल्या या चौघांना एकत्र करून ओमेगा तुकडी बनवली जाते आणि किलुरा या मागासलेल्या ग्रहावर पाठवली जाते. तिथे एक शास्त्रज्ञ, डॉ. उथान, फक्त क्लोन सैनिकांनाच मारील असा विषाणू तयार करते आहे. तिला पकडायचं.

या ग्रहावर डार्मनची गाठ पडते एटेन तुर-मुकान या मुलीशी. ही जेडाय शिष्या. गुरू मारला गेलेला, स्वतःवर भरवसा नाही, लढाईचा अनुभव जेमतेम. डार्मन तिला पाहताच ताठ उभा राहतो आणि हुकूम मागतो, कारण नियमाप्रमाणे जेडाय म्हणजे त्याचा सेनाधिकारी. डार्मनचं खरं वय दहा वर्षं. त्याला लढाईतलं सगळं कळतं आणि जगातलं काहीच कळत नाही. हे जेव्हा एटेनच्या ध्यानात येतं तेव्हा चित्रपटात न विचारलेला तो प्रश्न पहिल्यांदा कुणाच्या तरी अंगावर येतो. तिला त्याचं उत्तर मात्र सापडत नाही. हुकूम द्यायचे नाहीत म्हटलं तर हे चौघे मरणार, आणि दिले तर ती त्या व्यवस्थेची भाग होणार.

किलुराचीच गोष्ट पुढे तिसऱ्या पुस्तकात, ‘ट्रू कलर्स’मध्ये, उलट फिरते आणि मालिकेतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तिथे आहे. या ग्रहाचे मूळ रहिवासी गुरलानिन, रूप बदलू शकणारे शिकारी प्राणी, पण माणसाइतकेच बुद्धिमान. बाहेरून आलेल्या माणसांच्या शेतीमुळे त्यांची शिकार आणि त्यांचं रान दोन्ही संपत चाललेलं. युद्धात हेरगिरी करा, मग आम्ही शेतकऱ्यांना हलवू, असं वचन प्रजासत्ताकाने, म्हणजे क्लोन ज्याच्यासाठी लढतात त्या सरकारने, त्यांना दिलेलं. वचन पाळायची वेळ येते तेव्हा हे काम एटेनच्याच गळ्यात पडतं. संकटात तिने ज्यांच्या घरात आसरा घेतला होता, त्याच लोकांना बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढायचं. शेतकरी हटत नाहीत, प्रतिकार करतात, माणसं मरतात. गुरलानिनांचा हक्क खरा आहे. शेतकऱ्यांनी दोन-चार पिढ्या गाळलेला घामही खरा आहे. आणि ज्या सरकारने वसाहतीकडे इतकी वर्षं डोळेझाक केली ते यात कुठेच समोर येत नाही. त्याच्या वतीने एक अननुभवी मुलगी आणि निवड करायची मुभाच नसलेले सैनिक पुढे केलेले असतात. धरण, अभयारण्य किंवा खाण यांच्यासाठी गाव उठताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे प्रकरण वाचताना अंतराळयानांचा विसर पडेल.

दुसरं पुस्तक ‘ट्रिपल झीरो’ (२००६) राजधानीत घडतं. बॉम्बस्फोटांचा तपास करायला कमांडोंना साध्या वेशात शहरात उतरवलं जातं. अटक नाही, खटला नाही. माग काढायचा आणि संपवायचं. पकडलेल्यांचा छळ होतो, आणि एटेनही आपली जेडाय शक्ती कैद्याचं मन मोडायला वापरते. पुस्तकाचं साल पाहिलं की लेखिकेच्या डोळ्यासमोर कोणतं युद्ध होतं हे वेगळं सांगावं लागत नाही. आश्चर्य वाटतं ते पुस्तकाच्या सुराचं. ते हे सगळं थरारकथेच्या वेगात सांगत जातं, वाचक कमांडोंच्या बाजूने पानं उलटत राहतो आणि मग केव्हातरी त्याला कळतं की आपण कशाला मान डोलावली.

या साऱ्याच्या केंद्रस्थानी आहे काल स्किराटा. मँडलोरियन या लढवय्या जमातीतला भाडोत्री सैनिक, बुटका, लंगडा, शिवराळ. कमिनोवर कमांडोंना तयार करायला जँगोने निवडलेल्या शंभर प्रशिक्षकांपैकी एक. तो तिथे पोचतो त्या दिवशी सहा लहान मुलं ‘सदोष’ म्हणून नष्ट केली जाणार असतात. स्किराटा मध्ये पडतो, त्यांना पोटाशी घेतो, मुलगे मानतो. पुढे त्याचं सगळं आयुष्य एकाच ध्यासाने चालतं : दुप्पट वेगाने म्हातारी होणारी ही पोरं जगली पाहिजेत. त्यासाठी तो चोरी करतो, खून करतो, कमिनोची पळालेली शास्त्रज्ञ को साई हिला शोधून काढतो, कारण त्या वाढीचं गुपित तिला ठाऊक असतं.

स्किराटावर वाचकांनी भरभरून प्रेम केलं. पण त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं तर चित्र बदलतं. मुलांचा कारखाना समोर दिसत असताना या माणसाने काय केलं? वर्षानुवर्षं तिथे राहून त्यांना मारायला आणि मरायला शिकवलं. स्वतःच्या रक्ताच्या मुलांना तो सोडून आलेला. त्यांनी त्याला बाप म्हणून रीतसर नाकारलेलं. एटेन डार्मनला न सांगता त्याचं मूल पोटात वाढवते, तेव्हा स्किराटा तिच्यावर खवळतो, कारण ज्याला आयुष्यात एकदाही स्वतःची निवड करता आली नाही त्याच्या वतीने तिने परस्पर ठरवून टाकलं. राग रास्त आहे. आणि लगेच तो स्वतः तेच करतो : डार्मनला कधी सांगायचं, मूल कुणी वाढवायचं, सगळं स्किराटा ठरवतो. डार्मन आपल्याच मुलाला हातात घेतो तेव्हाही ते आपलं आहे हे त्याला माहीत नसतं. मायेच्या नावाखाली ताबा कसा गाजवला जातो याचं इतकं नेमकं चित्रण भल्याभल्या कौटुंबिक कादंबऱ्यांत सापडत नाही.

ट्रॅव्हिसबाईंना हे सगळं हेतुपूर्वक दाखवायचं होतं का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पुस्तकं पुढे सरकतात तशी त्यांची स्वतःची माया स्किराटाच्या घरावर जडत जाते. मँडलोरियन कुटुंब म्हणजे जिव्हाळा, आणि जेडाय म्हणजे भोंदू, हे समीकरण घट्ट होत जातं. जेडायला दोष देणारा माणूस पुस्तकात सहसा बरोबर ठरतो. जेडायची बाजू तितक्या ताकदीने कुणी मांडत नाही. एका डोळ्यावरची पट्टी काढून दुसऱ्या डोळ्यावर बांधावी असा हा प्रकार. वाचकांत यावरून कडाक्याची भांडणं झाली. क्लोन सैन्य तीस लाखांचं, हा बाईंनी दिलेला आकडा अख्ख्या आकाशगंगेला पुरेल का, यावरही झाली, आणि त्यांत दोन्ही बाजूंनी शोभा झाली ती वेगळीच.

तरीही ‘ट्रू कलर्स’मधला फायचा प्रसंग सगळ्या तक्रारींना पुरून उरतो. तुकडीतला हा विनोदी गडी डोक्याला मार लागून बेशुद्ध होतो. इस्पितळाच्या नियमांत क्लोन सैनिकाला कृत्रिम आधारावर ठेवायची तरतूदच नाही. बरा झाला तर परत लढाईवर, नाही तर उपचार बंद. यात कुणी क्रूर नाही. डॉक्टरांसमोर कागद आहे आणि कागदावर रकाना नाही. शेवटी अर्थखात्यातली बेसानी वेनन ही सरळमार्गी अधिकारी पिस्तूल रोखून त्याला तिथून बाहेर काढते.

मग येते ती आज्ञा. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ चित्रपटात प्रजासत्ताकाचा प्रमुख, चॅन्सेलर पॅल्पटीन, ‘ऑर्डर ६६’ देतो आणि आजवर खांद्याला खांदा लावून लढलेले क्लोन क्षणात आपल्या जेडाय अधिकाऱ्यांना गोळ्या घालतात. का? चित्रपट कारण देत नाही. ट्रॅव्हिसबाईंनी दिलेलं कारण पूर्णपणे कारकुनी आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. सैन्याकडे आणीबाणीसाठी दीडशे आज्ञांची यादी होती. गुप्त वगैरे काही नाही. प्रत्येकाने पाठ केलेली. सहासष्टावी आज्ञा जेडाय फितूर झाले तर काय करायचं ते सांगते. तिच्या अलीकडची, पासष्टावी, खुद्द चॅन्सेलर अपात्र ठरला तर त्याला कसं हटवायचं ते सांगते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित, दोन्हीकडे तोल सांभाळलेला. आज्ञा आली, ती अधिकृत होती, अमलात आणली. सैनिकांपैकी काही जणांना जेडायबद्दल राग होता, काहींना दुःख झालं, बहुतेकांनी आपलं काम केलं. स्किराटाची बहुतेक माणसं तेवढी पळून गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात आरोपींनी ‘हुकूम होता’ हा बचाव पुढे केला आणि न्यायालयाने तो पुरेसा मानला नाही. पण तिथे उभे असलेले लोक हुकूम नाकारणं म्हणजे काय हे जाणणारे होते. ज्याला पाळण्यापासून आज्ञा पाळायलाच शिकवलं, ज्याने दुसरं जग पाहिलेलं नाही, त्याच्या अपराधाचं माप कोणतं? चौथं पुस्तक, ‘ऑर्डर ६६’ (२००८), या प्रश्नाभोवती फिरतं, आणि एटेनचा मृत्यू त्यात बरोबर फटीत येऊन पडतो. त्या रात्री पळापळीत एक तरुण जेडाय एका क्लोन सैनिकावर तलवार उगारतो. एटेन मध्ये जाते आणि तो वार तिला लागतो. ती जेडायच्या हातून मरते, क्लोनला वाचवताना. डार्मन समोरून पाहतो.

याच प्रश्नाचं अगदी वेगळं उत्तर पुढे दूरदर्शनने दिलं. ‘द क्लोन वॉर्स’ या मालिकेच्या सहाव्या पर्वात, २०१४ च्या मार्चमध्ये, असं उघड झालं की प्रत्येक क्लोनच्या मेंदूत जन्माआधीच एक चिप बसवलेली होती. आज्ञा ऐकताच ती चिप माणसाचा ताबा घेते. यामुळे क्लोन निर्दोष सुटले, आणि वर्षानुवर्षं ज्यांच्यावर जीव लावला त्या रेक्स-कोडीसारख्या क्लोन पात्रांचा तिरस्कार करायची पाळी मुलांवर आली नाही. मुलांच्या मालिकेची ती गरज समजण्यासारखी आहे. पण मेंदूत चिप असली की प्रश्न वैद्यकीय होतो : शस्त्रक्रिया केली, चिप काढली, माणूस बरा झाला. दीडशे आज्ञांच्या यादीला अशी शस्त्रक्रिया नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुकसफिल्मने जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाद करून त्यांना ‘लेजेंड्स’ म्हणजे दंतकथा ठरवलं. त्यामुळे चिपचा खुलासा अधिकृत राहिला.

ट्रॅव्हिसबाई तोवर केव्हाच बाहेर पडलेल्या होत्या. त्यांनी उभं केलेलं मँडलोरियन जग दूरदर्शन मालिका बदलणार हे स्पष्ट झाल्यावर २००९ मध्ये त्यांनी हे काम सोडलं. नंतर त्या ‘हेलो’ या व्हिडिओ गेमच्या जगात गेल्या, आणि तिथेही त्यांना नेमका तोच विषय हाताला लागला.

‘हेलो’चा नायक मास्टर चीफ म्हणजे कोट्यवधी खेळाडूंचा लाडका चिलखतधारी वीर. तो घडला कसा, हे एरिक नायलंड यांनी ‘द फॉल ऑफ रीच’ या २००१ च्या कादंबरीत लिहून ठेवलं. डॉ. कॅथरीन हॅल्सी ही शास्त्रज्ञ सहा वर्षांची ७५ मुलं निवडते, त्यांना घरातून पळवते आणि आईबापांना संशय येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या जागी घाईने बनवलेली प्रतिकृती ठेवते. ती थोड्याच काळात आजारी पडून मरते. पळवलेल्या मुलांवर किशोरवयात शस्त्रक्रिया होतात. तीस मरतात, बारा अपंग होतात, ३३ जण महासैनिक बनतात. हे सगळं परग्रहावरच्या शत्रूसाठी केलं असं खेळणाऱ्याला वाटतं. खरं तर योजना आखली तेव्हा त्या शत्रूचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. हे सैनिक माणसांच्याच बंडखोर वसाहती चिरडायला हवे होते. परके मागाहून आले, आणि मानवजात वाचवल्याचं पुण्य योजनेच्या पदरात पडलं.

नायलंड यांनी हॅल्सीला अपराधाची बोच असलेली, आईसारखी माया करणारी बाई म्हणून रंगवलं होतं. ट्रॅव्हिसबाईंनी २०११ ते २०१४ मधल्या ‘किलो-फाइव्ह’ या तीन पुस्तकांत तिला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. त्यांची झोड इतकी सरसकट आहे की योजनेला मंजुरी देणारे वरिष्ठच तिच्याकडे बोट दाखवतात आणि पुस्तक त्यांना फारसं अडवत नाही. स्किराटाच्या वेळचा दोष इथे पुन्हा दिसतो. मात्र शेवटच्या ‘मॉर्टल डिक्टाटा’ कादंबरीत स्टाफान सेंट्झके येतो. त्याची मुलगी नेओमी हरवली, परत आली, पण परत आलेली आपली नव्हे असं त्याचं मन सांगत राहिलं. आणि ते खरं होतं. मुलगी पळवणाऱ्या सरकारविरुद्ध तो आता बंडखोर झाला आहे. त्याला अडवायला निघालेल्या पथकात चिलखत घातलेली नेओमी आहे. खेळात गोळी घालून पुढे जायचं तो ‘बंडखोर’ इथे एका पळवलेल्या मुलीचा बाप असतो.

‘रिपब्लिक कमांडो’ मालिका मात्र अर्धवट राहिली. २००९ च्या ‘इम्पीरियल कमांडो : 501st’ या पाचव्या पुस्तकानंतरचा ठरलेला भाग रद्द झाला. त्या शेवटच्या पुस्तकात प्रजासत्ताकाचं साम्राज्य झालेलं आहे, डार्मन आणि नायनर साम्राज्याच्या गणवेशात अडकलेले आहेत, आणि बाकीचे मँडलोरवरच्या एका आडबाजूच्या वाड्यात लपलेले. तिथे क्लोनचं झपाट्याने होणारं म्हातारपण थांबवायच्या कामाला लावली आहे डॉ. उथान हिला; पहिल्या पुस्तकात क्लोनना मारणारा विषाणू बनवणारी तीच बाई. साम्राज्याने तिचाच विषाणू तिच्या मायभूमीवर, गिबाड ग्रहावर, सोडून तिथली वस्ती संपवली आहे. उथानला उपाय सापडला का, हे लिहिलं गेलं नाही. डार्मन मुलाजवळ पोचला का, हेही नाही. क्लोनच्या हक्कांचा विषय अधिकृत कथेत पुन्हा उघडला गेला तो २०२३ मध्ये, ‘द बॅड बॅच’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात. युद्ध संपल्यावर या सैनिकांच्या निवृत्तीची काय सोय, असा सवाल तिथे सिनेटमध्ये एक सभासद करते. पगार त्यांना कधी मिळालेलाच नव्हता.